इंग्लंडमध्ये मोठ्या वयात परत शिकायचंय? कॉलेजच्या मनी ॲडव्हाइस सेवेचा माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते खाली लिहिलंय.

हा रिव्ह्यू कॉलेजच्या शिकवण्याचा नाही, तिथल्या स्टुडंट सर्व्हिसेसमध्ये जी मनी ॲडव्हाइस नावाची सेवा असते तिचा आहे. कॉलेज मिडलंड्समधलं आहे, नाव देत नाही कारण पुढे माझ्या घरातल्या पैशाच्या गोष्टी येणार आहेत आणि ओळखीचे लोक वाचतात. तसंही ही सेवा जवळपास प्रत्येक फर्दर एज्युकेशन कॉलेजात (शाळेनंतरचं, पण युनिव्हर्सिटी नसलेलं कॉलेज) आणि युनिव्हर्सिटीत असते, फुकट असते, आणि आपल्या बायकांना ती आहे हेच माहीत नसतं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. अजून एक, हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्सचे नियम वेगळे आहेत, तिकडच्यांनी यातली कुठलीच रक्कम धरून चालू नका.

माझी परिस्थिती थोडक्यात. मी मूळची सांगलीची, शिवाजी विद्यापीठाची बीकॉम, लग्न होऊन इकडे आले, आता मी आणि माझी मुलगी दोघीच राहतो. आयएलआर आहे, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी. एका प्रायमरी स्कूलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम करते, तास थोडे त्यामुळे पगार थोडा, म्हणून वरून युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना सरकारकडून दर महिन्याला येणारं बेनिफिट. मला डायग्नॉस्टिक रेडिओग्राफी करायची होती, म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय ते काम. त्यासाठी आधी ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा, म्हणजे मोठ्या वयात युनिव्हर्सिटीत जायची तयारी करून घेणारा कोर्स, तो साधारण एक वर्षाचा, आणि मग तीन वर्षांची डिग्री. ॲक्सेस झाला, आता डिग्रीचं पहिलं वर्ष चालू आहे.

आता मुख्य मुद्दा, जो मला या सेवेमुळे कळला. पैशाच्या सल्लागाराकडे कोर्स ठरवण्याच्या आधी जायचं, ॲडमिशन झाल्यावर नाही. सगळेजण उलट करतात. आधी कोर्स, मग ऑफर लेटर, मग सप्टेंबरमध्ये पैसे कसे येणार म्हणून धावपळ. पण इथे शिक्षणाचा पैसा एका खात्याकडून येतो आणि बेनिफिट दुसऱ्या खात्याकडून, आणि एकीकडे हो म्हटलं की दुसरीकडे काहीतरी कमी होतं. हे दोन्ही एकत्र बघणारं माणूस फार कमी ठिकाणी भेटतं. स्टुडंट फायनान्सच्या, म्हणजे शिक्षणाचं सरकारी लोन देणाऱ्यांच्या, हेल्पलाइनवाले त्यांच्या लोनचं सांगतात, बेनिफिटवाले बेनिफिटचं सांगतात, आणि मधे जे होतं ते आपलं आपल्यालाच कळायचं असतं. कॉलेजातल्या मनी ॲडव्हाइसच्या बाई नेमक्या या मधल्या भागात तज्ज्ञ होत्या. मी अजून कॉलेजची विद्यार्थिनी पण नव्हते, फक्त चौकशी करायला आले होते, तरी त्यांनी अपॉइंटमेंट दिली.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर एक कोरा कागद घेतला, वर सप्टेंबर ते ऑगस्ट असे बारा महिने लिहिले, आणि प्रत्येक महिन्याखाली काय येणार आणि काय जाणार ते भरत गेल्या. पगार, युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, लोनचा हप्ता, भाडं, आफ्टर स्कूल क्लब, बसचा पास. वर्षाची बेरीज ठीकठाक दिसत होती पण महिन्यामहिन्यात बघितल्यावर कळलं की कुठल्या महिन्यात हात आखडता घ्यावा लागणार. तो कागद अजून माझ्या फ्रिजवर लावलेला आहे. माझ्या मते या सेवेची सगळी किंमत त्या एका कागदात आहे, कारण वेबसाइटवर सगळे नियम असतात पण आपल्या घराचा महिना कुठेच नसतो.

मग माझी सगळ्यात मोठी भीती काढली. ओळखीतल्या सगळ्यांनी मला सांगितलं होतं की तू आधीच ग्रॅज्युएट आहेस, भारतातली डिग्री पण मोजतात, त्यामुळे दुसऱ्या डिग्रीला लोन मिळणार नाही, विषय संपला. हे अर्धंच खरं आहे. नियम असा आहे खरा, आधीच्या शिक्षणाइतकंच किंवा त्याच्याहून खालच्या पातळीचं परत करायचं असेल तर साधारणपणे ट्युइशन फी लोन मिळत नाही, आणि हो, पुण्याची मुंबईची कोल्हापूरची डिग्री त्यात धरतात. पण नर्सिंग, मिडवाइफरी, आणि रेडिओग्राफी फिजिओथेरपी ऑक्युपेशनल थेरपी यांसारखे कोर्स याला अपवाद आहेत. तिथे आधीची डिग्री असली तरी पहिल्या डिग्रीसारखंच लोन मिळतं, फीचं पण आणि राहण्याखाण्याचं पण. हे ऐकून मी खरंच खुर्चीत मागे टेकून बसले. आपल्या किती बायका इकडे बीकॉम बीएस्सी एमए होऊन येतात आणि या एका अर्धवट माहितीमुळे गोदामात नाहीतर दुकानाच्या टिलवर वर्षानुवर्षं राहतात. ती कामं वाईट नाहीत, मी पण केलीत, पण ज्यांना पुढे जायचंय त्यांना दार बंद आहे असं खोटंच वाटत राहतं. ज्यांना अकाउंटिंगची किंवा बिझनेसची दुसरी डिग्री हवी आहे त्यांना मात्र हा अपवाद लागू नाही, त्यांनी मास्टर्सचं पोस्टग्रॅज्युएट लोन बघावं, ते वेगळं असतं. शिक्षक व्हायचं असेल तर पीजीसीईला, म्हणजे आपल्या बीएडसारख्या कोर्सला, पण लोन मिळतं, आधीची डिग्री तिथे उलट लागतेच.

ॲक्सेस कोर्सचं पण असंच. त्याची फी बघून मी दचकले होते. त्या बाईंनी सांगितलं की 19 किंवा त्याहून मोठ्यांना त्यासाठी ॲडव्हान्स्ड लर्नर लोन मिळतं, त्याला घरचं उत्पन्न बघत नाहीत, क्रेडिट चेक करत नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीची डिग्री पूर्ण केली की ॲक्सेस कोर्सच्या लोनची उरलेली बाकी माफ होते. माफ! डिग्री अर्धवट सोडली तर होत नाही, हे पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, नुसतं गोड गोड सांगितलं नाही. ज्यांच्याकडे इथलं जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) इंग्लिश मॅथ्स नाही आणि युनिव्हर्सिटी मागतेय, त्यांना ते लेव्हल टू, म्हणजे त्याच दर्जापर्यंत, 19 किंवा त्याहून जास्त वय असेल तर फुकट करता येतं. रेसिडेन्सचे नियम आहेत त्याला, पण विचारा नक्की.

आता युनिव्हर्सल क्रेडिट. इथे जरा थांबून वाचा कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

फुलटाइम विद्यार्थ्याला साधारणपणे युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. पण अपवाद आहेत, आणि मूल सांभाळणारी एकटी आई हा त्यातला एक. नवरा बायको दोघं असतील आणि एकजण शिकत नसेल, क्लेम करायला पात्र असेल, तरी चालतं. म्हणजे मी शिकायला लागले म्हणून क्लेम बंद होणार नव्हता. ॲक्सेसच्या वर्षी तर काहीच कापलं गेलं नाही कारण ते लोन फक्त फीचं असतं, कॉलेजला परस्पर जातं, आपल्या हातात येत नाही, त्यामुळे ते उत्पन्न नाही. फक्त वर्क कोचच्या, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटकडून आपल्यावर नेमलेल्या माणसाच्या, अपेक्षा चालू राहतात. 3 ते 12 वयाचं मूल असेल तर आठवड्याला 30 तासांपर्यंत कामाची किंवा काम शोधण्याची अपेक्षा धरतात, त्यामुळे कोर्सचं टाइमटेबल घेऊन आधीच बोलून ठेवायचं असं त्यांनी सांगितलं. मी तसं केलं, तास जुळवून घेतले गेले. प्रत्येकीचं जुळेलच असं मी म्हणत नाही.

डिग्रीच्या वर्षी चित्र बदलतं. मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्याखाण्याचं लोन, हे उत्पन्न म्हणून धरतात. कसं धरतात ते बघा. वर्षाचं लोन घेतात, त्यातला जो भाग धरायचा नसतो तो काढतात, उरलेली रक्कम कोर्स चालू असलेल्या महिन्यांमध्ये समान वाटतात, आणि प्रत्येक महिन्याच्या वाट्यातून 110 पौंड सोडून देतात. बाकीचं युनिव्हर्सल क्रेडिटमधून पौंडाला पौंड कापतात. समजा धरायची रक्कम 7,200 आली आणि नऊ महिने आले, तर महिन्याला 800, त्यातले 110 सोडले, 690 कापले. उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत मात्र लोन धरत नाहीत, तेव्हा युनिव्हर्सल क्रेडिट परत पूर्ण येतं. पण तेव्हा वर्क कोचचा फोन पण परत येऊ शकतो.

गंमत नाही पण फार महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तुम्ही लोन घेतलं नाही तरी ते घेतलं असं समजूनच कापतात. जितकं जास्तीत जास्त मिळू शकत होतं तितकं धरतात. आपल्याकडे कर्ज म्हटलं की नको वाटतं, माझ्या आईने फोनवर पहिलं वाक्य हेच म्हटलं, अगं कर्ज काढून कशाला शिकतेस या वयात. आणि मी पण मनात ठरवलं होतं की फक्त फीचं लोन घ्यायचं, राहण्याखाण्याचं नको, कसंतरी भागवू. तसं केलं असतं तर लोन पण नाही आणि वरून बेनिफिट पण कापलेलं, दोन्हीकडून गेलं असतं. हे मला कुठल्याच हेल्पलाइनने आपणहून सांगितलं नसतं. त्या बाईंनी विचारायच्या आधी सांगितलं, आणि का ते कागदावर मांडून दाखवलं.

आईला पण मग मी नीट समजावलं की हे आपल्या पतपेढीसारखं कर्ज नाही. पगार ठराविक रकमेच्या वर गेला तरच परतफेड सुरू होते, 2023 च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या कोर्सेसना ती रक्कम वर्षाला 25,000 पौंड आहे, आणि त्याच्या वर जे कमावू त्याच्या 9 टक्के, पगारातूनच कापतात. 40 वर्षांनी उरलेलं माफ. व्याज लागतं, ते लपवायला नको, पण दारात कोणी वसुलीला येत नाही आणि नोकरी गेली तर हप्ता आपोआप थांबतो. आई म्हणाली, मग ठीक आहे बाई, तू आणि तुझं सरकार बघा.

अजून एक काम जे त्यांनी फार बारकाईने केलं ते म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये काय लिहायचं. स्टुडंट फायनान्सचं पत्र येतं त्यात सगळ्याची मिळून मोठी रक्कम दिसते. ती तशीच जर्नलमध्ये टाकली तर जे धरायचं नाही ते पण धरलं जायची शक्यता असते. म्हणून त्यांनी मला रकमा तोडून लिहायला लावल्या, ट्युइशन फीचं लोन वेगळं, मेंटेनन्स लोन वेगळं, त्यातला स्पेशल सपोर्टचा भाग (वर सांगितलेला न धरायचा भाग तोच) वेगळा, पेरेंट्स लर्निंग अलाउन्स वेगळा, चाइल्डकेअर ग्रँट वेगळी, आणि कोर्स कधी सुरू कधी संपतो त्या तारखा. यातलं फीचं लोन, स्पेशल सपोर्टचा भाग, पेरेंट्स लर्निंग अलाउन्स आणि चाइल्डकेअर ग्रँट युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न म्हणून धरत नाहीत. कोर्स सुरू झाल्याचं कळवायचं राहिलं तर जास्तीचे आलेले पैसे नंतर वसूल होतात, त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात उरकायचं.

पेरेंट्स लर्निंग अलाउन्स म्हणजे काय ते पण सांगते, फुलटाइम डिग्री करणाऱ्या आईवडलांना पुस्तकं प्रवास वगैरेसाठी वर्षाला जास्तीत जास्त साधारण 2,000 पौंड, घरच्या उत्पन्नाप्रमाणे, आणि ते परत करायचं नसतं. यासाठी वेगळा भाग भरावा लागतो. अर्जात आपल्यावर अवलंबून कोण आहे तो भाग घाईत सोडून दिला तर हे मिळतच नाही, कोणी आठवण करून देत नाही.

मुलं सांभाळायचा खर्च. इथे निवड करायची असते. चाइल्डकेअर ग्रँट खर्चाच्या 85 टक्क्यांपर्यंत देते, मूल 15 च्या आतलं हवं, स्पेशल नीड्स असतील तर 17. युनिव्हर्सल क्रेडिटचा चाइल्डकेअरचा भाग पण 85 टक्केच देतो पण तो नोकरीसाठी असतो, आणि तिथे आधी आपण खिशातून भरायचे मग परत मिळतात. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. टॅक्स फ्री चाइल्डकेअर ही सरकारची वेगळी योजना घेत असाल तरी ग्रँट नाही. माझे कामाचे तास थोडे आणि कॉलेजचे जास्त, त्यामुळे डिग्रीच्या वर्षी माझ्यासाठी ग्रँट बरी पडली, ती ऑनलाइन खात्यात जमा होते आणि तिथून क्लबला परस्पर जाते, मला आधी भरावं लागत नाही. जी जास्त तास नोकरी करते तिला उलट गणित येऊ शकतं, म्हणून माझं बघून ठरवू नका. ॲक्सेसच्या वर्षी ग्रँट नसते, तेव्हा क्लासच्या दिवसांचा आफ्टर स्कूल क्लबचा खर्च कॉलेजच्या बर्सरी फंडातून, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीतून, भागला. ॲडव्हान्स्ड लर्नर लोन घेणाऱ्यांसाठी तो फंड कॉलेजकडेच असतो, पण तो संपतो! म्हणून जितक्या लवकर अर्ज तितकं बरं. आणि सांभाळणारी व्यक्ती किंवा क्लब रजिस्टर्ड लागतो. आपल्याकडे आई किंवा सासूबाई येतात सहा महिने आणि सगळं घर सांभाळतात, त्याची किंमत करताच येत नाही, पण त्याचे पैसे यात कुठेच धरता येत नाहीत.

बाकीचं भरभर सांगते. नर्सिंग, रेडिओग्राफी वगैरे करणाऱ्यांना एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) लर्निंग सपोर्ट फंडातून वर्षाला 5,000 पौंड ट्रेनिंग ग्रँट मिळते, मूल असेल तर वर 2,000, दोन्ही परत करायचे नाहीत, अर्ज दरवर्षी नव्याने करायचा. प्लेसमेंटला, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाच्या ट्रेनिंगला, लांब जावं लागलं तर प्रवासाचा जास्तीचा खर्च पण मागता येतो. काउन्सिल टॅक्समध्ये (घरपट्टीसारखा इथला कर) फुलटाइम विद्यार्थी मोजत नाहीत, घरात मोठी माणसं सगळीच विद्यार्थी असतील तर टॅक्स पूर्ण माफ, माझ्या घरात मोठी मी एकटीच त्यामुळे तो शून्य झाला. नवरा कमावता असेल तर 25 टक्के सूट मिळते, त्यासाठी युनिव्हर्सिटीकडून सर्टिफिकेट आणून काउन्सिलला द्यायचं. केअरर्स अलाउन्स (आजारी किंवा अपंग माणसाला सांभाळणाऱ्यांचा भत्ता) घेणाऱ्यांनी मात्र सांभाळून, आठवड्याला 21 तास किंवा जास्त शिक्षण असेल तर तो बंद होतो. आणि पार्टटाइम शिकणाऱ्यांना यातली बरीचशी कटकट नाही, ओपन युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी पार्टटाइम ट्युइशन लोन मिळतं आणि उत्पन्न कमी असेल तर काहींना त्यांचं ॲक्सेस मॉड्यूल फुकट करता येतं.

आता अर्धा स्टार कुठे गेला. एक तर अपॉइंटमेंट. ऑगस्ट सप्टेंबरमध्ये मिळणं फार अवघड, आणि तेव्हाच सगळ्यांना हवी असते. माणसं थोडी आणि रांग मोठी, यात त्या बाईंचा काही दोष नाही, कॉलेजने माणसं वाढवायला हवीत. दुसरं, जे सांगितलं ते लेखी सगळं मिळालं नाही, फक्त तो कागद आणि दोन लिंक्स. माझं इंग्रजी बरं आहे म्हणून मी भराभर लिहून घेतलं. पण जिचं इंग्रजी अजून कच्चं आहे तिने काय करायचं? दुभाषा मागितला तर मिळेल असं म्हणाले पण बोर्डावर वेबसाइटवर कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्यासोबत वेटिंगमध्ये एक गुजराती मावशी होत्या, मुलीला घेऊन आल्या होत्या दुभाषी म्हणून, आणि त्या मुलीला आईच्या घटस्फोटाचं, उधारीचं सगळं तोंडाने सांगावं लागत होतं. मला ते बघवलं नाही. हे बदलायलाच हवं.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, फक्त माहिती. व्हिसाबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. मी मैत्रिणीसाठी विचारलं, तिचा डिपेंडंट व्हिसा आहे, तर त्यांनी सरळ सांगितलं की इमिग्रेशनचा सल्ला द्यायला कायद्याने परवानगी लागते, ते काम रजिस्टर्ड सल्लागाराचं. ते बरोबरच आहे, चुकीचा सल्ला मिळाला तर माणसाचा व्हिसा जाऊ शकतो. रजिस्टर्ड लोकांची यादी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे असते, आधी तिचं नाव ओआयएससी होतं. मोटामोटी एवढं लक्षात ठेवा, व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी बेनिफिट घेता येणार नाहीत असं, लिहिलेलं असेल तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या वाटेला जायचं नाही. स्टुडंट फायनान्स पब्लिक फंडात मोडत नाही, पण त्यासाठी साधारणपणे सेटल्ड म्हणजे आयएलआर किंवा नागरिकत्व लागतं आणि कोर्सच्या आधी तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं. म्हणून डिपेंडंट व्हिसावरच्या मैत्रिणींनो, आयएलआर कधी होणार ती तारीख आणि कोर्स सुरू व्हायची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. काही महिन्यांच्या फरकाने ओव्हरसीज फी (परदेशी विद्यार्थ्यांची) आणि होम फी (इथल्या विद्यार्थ्यांची) एवढा फरक पडतो. होम फी 2025-26 ला जास्तीत जास्त 9,535 पौंड होती, ओव्हरसीज फी त्याच्या कितीतरी वर जाते.

दुसऱ्या सेवा पण वापरून बघितल्या म्हणून तुलना करते. टर्न-टू-अस आणि एन्टायटल्ड-टू ही बेनिफिटची ऑनलाइन कॅल्क्युलेटर्स फुकट आहेत, अपॉइंटमेंटच्या आधी घरी बसून अंदाज घ्यायला चांगली, पण विद्यार्थ्याच्या उत्पन्नाचे रकाने नीट समजून भरले नाहीत तर उत्तर भलतंच येतं. सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत बेनिफिट, भाडं, उधारी यांचा सल्ला उत्तम मिळाला, माणसं मनापासून ऐकतात, फक्त स्टुडंट फायनान्सचा बारीक तपशील कॉलेजच्या बाईंना जास्त माहीत होता. एका हेल्पलाइनवर मला सरळ सांगितलं गेलं की फुलटाइम कोर्स घेतला तर क्लेम बंद करावा लागेल. मी तो कॉल झाल्यावर खूप रडले होते, कोर्सचा नाद सोडायचं ठरवत होते. म्हणून सांगते, फोनवर एका माणसाने नाही म्हटलं तर तिथे थांबू नका, नियम कुठे लिहिलाय ते विचारा आणि मग मनी ॲडव्हायजरकडे जा.

एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. आपल्या लोकांत बेनिफिट घेणं म्हणजे कमीपणा समजतात, कुणाला सांगत नाहीत, क्लेम करत नाहीत, आणि मग शिक्षण पण राहून जातं. मला एका घरगुती कार्यक्रमात एका वहिनींनी तोंडावर विचारलं, सरकारच्या पैशावर शिकतेस का गं. मी त्यांना शांतपणे सांगितलं, हो, आणि उद्या मी इथल्याच हॉस्पिटलमध्ये तुमचा एक्स-रे काढीन आणि टॅक्स पण भरीन. सांगलीत माझी आत्या लग्नानंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए झाली, घरचं सगळं करून, फीचे पैसे शिवणकामातून काढून. तिच्याशी पैशाचं बोलायला कोणी बसलं नव्हतं. माझ्याशी कोणीतरी बसलं, एक कागद घेऊन, आणि माझ्याकडे बेनिफिटवाली बाई म्हणून न बघता शिकणारी बाई म्हणून बघितलं. पाचपैकी साडेचारमधले दोन स्टार मी या वागणुकीलाच देते.

जाणार असाल तर हे सोबत न्या. आयएलआरचा किंवा नागरिकत्वाचा पुरावा, ईव्हिसा असेल तर शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड) काढून ठेवा. युनिव्हर्सल क्रेडिटचं शेवटचं स्टेटमेंट. पगाराच्या स्लिपा, नवरा असेल तर त्याच्या पण, कारण 25 किंवा त्याहून मोठ्या किंवा लग्न झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आईवडलांचं उत्पन्न बघत नाहीत, जोडीदाराचं बघतात. भाड्याचं ॲग्रीमेंट, मुलांच्या क्लबची किंवा नर्सरीची बिलं, आणि भारतातली मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेट, कारण आधीचं शिक्षण काय ते विचारतातच आणि लपवून चालत नाही. जमलं तर जानेवारी ते मार्च या काळात जा, तेव्हा गर्दी कमी असते आणि सप्टेंबरच्या कोर्ससाठी पुरेसा वेळ हातात असतो. स्टुडंट फायनान्सचा अर्ज कोर्स सुरू झाल्यावरही काही महिने करता येतो, पण उशिरा केला तर पहिला हप्ता उशिरा येतो आणि युनिव्हर्सल क्रेडिटमधली कपात मात्र तुमच्या हप्त्यासाठी थांबेलच असं नाही.

कोणाला अपॉइंटमेंटमध्ये काय विचारायचं ते सुचत नसेल तर हे तीन प्रश्न विचारा, मी हेच विचारले होते. माझ्या महिन्याच्या हातात नेमके किती येणार, सप्टेंबर ते ऑगस्ट प्रत्येक महिन्याचं सांगा. माझ्या लोनमधलं काय उत्पन्न म्हणून धरणार आणि काय नाही. आणि मधेच कोर्स थांबवावा लागला, आजारपण आलं, मूल आजारी पडलं, तर यातलं काय परत द्यावं लागेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं असतं आणि ते कोर्स सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्यायचं असतं.